झरोक्यातलं कापड

१

खोक्यात सहा वस्तू होत्या. मनगटी घड्याळ एक, चालू. चष्मा एक, डावी काडी वाकलेली. ऑफिसचं ओळखपत्र एक. मोबाइल एक, बॅटरी संपलेला. जानवं एक, कात्रीने कापलेलं. सहावी वस्तू वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत होती: लाल-हिरव्या कोयऱ्यांच्या सुती कापडाचा मोठा बोळा, जागोजाग टाके घातलेला, एका बाजूने फाटलेला. फाटक्या जागेतून पांढरी-करडी पिसं गळून पिशवीच्या तळाशी साचली होती. मी ती मोजली. एकेचाळीस भरली.

पिशवीवर लेबल होतं: ‘मिसेस देवस्थळी यांचं वस्त्र. परत.’

“माझं वस्त्र म्हणे,” नीनाताई म्हणाली. “वर पिनने लावून दिलंय, हरवू नये म्हणून. किती काळजी.”

नीनाताई माझी मावसबहीण. नागपूरची. अनुपभावोजींना हॅरलबरी नावाच्या छोट्या इंग्लिश गावात विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम मिळालं, तेव्हा दोघांनी तिथे एक घर भाड्याने घेतलं. पूर्वी घोडागाड्या ठेवायची इमारत होती ती. नाव अजूनही कोच हाउस. २००५च्या डिसेंबरात नीनाताई दोन दिवस लंडनमधल्या ईलिंगला माझ्याकडे आली. भावोजींना सर्दी झाली होती म्हणून ते घरीच राहिले. ती परतली तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोकं टेकून बसले होते. चेहरा गुलाबी होता. झोपलेत असं तिला वाटलं.

कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंगही नसतो. बॉयलरच्या धुराड्यात जॅकडॉ पक्ष्यांनी घरटं केलं होतं, त्यामुळे धूर परत खोलीत येत होता. आणि बॉयलरला बाहेरची हवा पुरवणारा भिंतीतला खालचा झरोका बंद होता. नुसतं घरटं असतं तर माणूस कदाचित वाचला असता, असं गॅस तपासनीसाने सांगितलं. झरोका बंद असल्याने सुटकाच उरली नाही. कॉन्स्टेबलने बाहेरून जाळी काढून आकडीने आतला बोळा ओढून काढला. तो हा.

इंग्लंडमध्ये असा मृत्यू झाला की कॉरोनर चौकशी करतो, उघड्या कोर्टात. त्याला इन्क्वेस्ट म्हणतात. ती फेब्रुवारीत झाली. मी ताईशेजारी बसले होते. डेप्युटी कॉरोनर ज्युलियन ॲशबी साधारण चाळिशीचा, मृदू आवाजाचा माणूस होता. त्याने बोळा हातमोजे घालून उचलला.

“हे भारतीय कापड आहे,” तो म्हणाला.

“माझं नाही,” नीनाताई म्हणाली.

“मिसेस देवस्थळी, तुमची अवस्था आम्हाला समजते. उष्ण देशातून आलेल्या माणसांना इथला गारठा सोसत नाही. आपण काय करतोय हे तुम्हाला माहीत नव्हतं. कपाटांच्या तळाची पट्टी तुम्ही काढलीत की तुमच्या पतींनी?”

“कुठली पट्टी?”

त्याने मान हलवली आणि निकाल लिहायला सांगितला: अपघाती मृत्यू, घरात राहणाऱ्यांनी थंडीपासून बचावासाठी अजाणता झरोका बुजवल्यामुळे.

त्या संध्याकाळी नागपूरहून सासूबाईंचा फोन आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घ्यायच्या आत फोन ठेवला. नीनाताईचा व्हिसा भावोजींच्या नोकरीवर होता. तिला मे महिन्यात देश सोडावा लागणार होता, आणि नवऱ्याला तू मारलंस हा सरकारी निकाल सोबत घेऊन.

“मी परत जाते, मला इथे राहायचं नाहीच,” ती म्हणाली. “पण हे वाक्य घेऊन जाणार नाही. ईशू, तू तर केमिस्ट आहेस ना? मग बघ.”

मी पिशवी पुन्हा उघडली. साडीत पिसं नसतात.

२

“हा पिसांचा रजई आहे,” उल्का म्हणाली. “इंग्लिश. आयडरडाउन.”

माझी मैत्रीण उल्का ईलिंगमध्ये जन्मली, तिथेच वाढली. एका सॉलिसिटरच्या फर्ममध्ये उमेदवारी करत होती. तिच्या मराठीत रजई पुरुष असते आणि कायदा बाई. आम्ही तिघी कोच हाउसच्या जिन्यावर बसलो होतो. भाडेकरार महिनाअखेरपर्यंत होता.

“पण कोयऱ्या?” नीनाताईने विचारलं.

“पेझली! माझ्या ग्लासगोच्या आत्याच्या घराजवळ ती गाव आहे, पेझली. तिथे दीडशे-दोनशे वर्षं ह्याच कोयऱ्या विणल्या. इथल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईकडे असला काहीतरी असतो. तो कोर्टात इंडियन म्हणाला आणि कोणी काही बोलला नाही?”

“मी बोलले,” नीनाताई म्हणाली. “मी शोकात आहे असं ठरलं.”

“बरं. घरमालक कोण?”

“मागच्या मोठ्या घरातल्या मिसेस विंटरटन. जॅम आणून द्यायच्या. कॉरोनर एडमंड विंटरटन यांची बायको. म्हणून तर ते स्वतः बसले नाहीत. चौकशी डेप्युटीकडे दिली. कोर्टात सुरुवातीलाच सांगितलं तसं, मला तर ते बरंच वाटलं.”

उल्काने कपाळाला हात लावला. “नीनाताई, डेप्युटी कोण नेमते माहीत आहे?”

“सरकार?”

“नाही ना! कॉरोनर स्वतः. ह्या देशात ती कायदा अशीच आहे. कौन्सिल फक्त मान हलवते. लहान गावात कॉरोनर म्हणजे गावाचा सॉलिसिटर, पार्ट-टाइम. मेलेला माणूस आला की त्याचाच फोन वाजते. आणि तो त्याला हवा त्याला डेप्युटी करते.”

“म्हणजे डॉक्टरने आपलाच रिपोर्ट तपासायला आपलाच कंपाउंडर बसवायचा,” नीनाताई म्हणाली.

“एक्झॅक्टली. पण कायद्यात बसते.”

मी दुसऱ्याच दिवशी एडमंड विंटरटन यांची भेट मागितली.

३

त्यांचं ऑफिस बाजाराच्या चौकात होतं. जिन्याच्या भिंतीवर आजोबांचं चित्र, वर पोचल्यावर वडिलांचं. दोघंही सॉलिसिटर, दोघंही कॉरोनर. तिसऱ्या चित्राची खिळ्यासकट जागा तयार होती. सत्तरीचे एडमंड विंटरटन उठून उभे राहिले, चहा मागवला, माझ्या पदवीबद्दल आपुलकीने विचारलं.

“रसायनशास्त्र. छान. माझ्या मुलीनेही विज्ञान घ्यावं असं मला वाटे. तिने घोडे घेतले.”

“सर, कापड भारतीय नाही. ती पिसांची दुलई आहे.”

“असेल. मी ते पाहिलंच नाही. मुद्दामच. घर माझ्या पत्नीचं, म्हणून मी पूर्ण बाजूला झालो. ऐंशी वर्षं हे पद आमच्या घराण्याकडे आहे, मिस. आमच्या निःपक्षपातीपणाबद्दल गावात कुणी बोट दाखवलेलं नाही.”

“ते घर तुम्ही भाड्याने देण्याआधी तिथे कोण राहत असे?”

“कुटुंबातली माणसं. का?”

मी उत्तर दिलं नाही, कारण मी त्यांच्या खांद्यामागच्या कपाटाकडे बघत होते. चांदीच्या चौकटीत लग्नाचा फोटो होता. नवरीच्या एका बाजूला एडमंड विंटरटन, काळ्या केसांचे. दुसऱ्या बाजूला नवरा, हसरा, गळ्यात करडा रुमाल. तोच मृदू चेहरा.

“हे मिस्टर ॲशबी,” मी म्हणाले.

“माझा जावई. उत्तम वकील आहे.”

“तुमच्या बायकोच्या घरात माणूस मेला, आणि चौकशी तुमच्या जावयाने केली.”

“कायद्याने नेमलेल्या डेप्युटीने केली,” विंटरटन म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. “तो कुणाशी विवाहित आहे हा त्याचा दोष नव्हे. चहा निवतोय तुमचा.”

मला राग आला तो या चहाचा. हा माणूस खोटं बोलत नव्हता. आपण बाजूला झालो, म्हणजे न्याय झाला, असं त्याला खरोखरच वाटत होतं. आजोबा-वडिलांच्या तसबिरींखाली बसून त्याला आपल्या घराचा दरवाजा आणि कोर्टाचा दरवाजा यांतला फरक दिसेनासा झाला होता.

मी चहा तसाच ठेवला आणि त्या मुलीला शोधायला गेले, जिने घोडे घेतले होते.

४

फिलिपा ॲशबी तबेल्यात खरारा करत होती. मी कोण, हे सांगितल्यावर तिचा हात थांबला.

“तुमच्या बहिणीला मी पत्र लिहिणार होते,” ती म्हणाली. “लिहायला काय ते सुचलं नाही. ज्युलियन म्हणाला, आपण त्यात न पडणंच योग्य.”

“तुम्ही इन्क्वेस्टला होता?”

“नाही. घरात त्याबद्दल बोलायचं नाही, असा आमचा जुना नियम आहे. लहानपणापासून. बाबा जेवायला बसले की मेलेली माणसं बाहेर.”

मी पिशवीतून बोळा काढून गवताच्या पेंढीवर पसरला. तो काय आहे, कुठून आला, हे सांगितलं नाही. नुसता पसरला.

तिचा चेहरा उजळला. “अरे, ही आजीची दुलई. कुठे मिळाली तुम्हाला?”

“नक्की?”

“हे टाके माझे आहेत. किती वाकडे, बघा ना. लग्नानंतर पहिला हिवाळा आम्ही कोच हाउसमध्ये काढला, तेव्हा ही आमच्या पलंगावर होती. खिडक्या इतक्या जुन्या होत्या की पडदे हलायचे, आणि स्वयंपाकघरात तर पायाला वारा झोंबायचा. नंतर एक दिवस हिचा निम्मा भागच गायब. ज्युलियन म्हणाला, कुत्र्याने फाडली.” ती हसली. “बिचारा कुत्रा. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.”

“त्या खिडक्या नंतर बदलल्या का?”

“भाड्याने देण्याआधी आईने डबल ग्लेझिंग करून घेतलं. आता कुठून वारा येत नाही.”

म्हणजे ॲशबी जोडपं का वाचलं, हेही कळलं. त्यांच्या वेळी खिडक्यांच्या फटींतून हवा येत होती, आणि धुराड्यात घरटं नव्हतं.

“मिसेस ॲशबी, ही दुलई खालच्या झरोक्यात कोंबलेली होती. तुमच्या नवऱ्याने ती कोर्टात सगळ्यांसमोर हातात धरली होती.”

तिने खरारा खाली ठेवला.

“त्याने धरली होती?”

“हो. भारतीय कापड आहे, म्हणाले.”

“तुम्ही आता जा,” फिलिपा म्हणाली. “मी तुमच्याशी बोललेले नाही.”

५

ज्युलियन ॲशबी दोन दिवसांनी स्वतःच कोच हाउसवर आला. आम्ही तिघी घरात होतो. तो दारातच उभा राहिला.

“माझ्या पत्नीला त्रास देऊ नका,” तो म्हणाला. “इंग्लंडमधल्या निम्म्या घरांत अशा दुलया आहेत.”

“त्यावर तुमच्या बायकोचे टाके नसतात,” नीनाताई म्हणाली. “बसा ना. चहा देते, तुमच्या सासऱ्यांसारखा.”

“मिसेस देवस्थळी, समजा, दुलई आमचीच होती. माळ्यावर जुनं सामान होतं. ते तुम्हाला सापडलं असेल. थंडी वाजली, तुम्ही ते वापरलंत. ही दुलई आमची असली तरी तिथे तुम्ही ठेवली नाही, असं होत नाही. कोणी ठेवली याहून कधी ठेवली, हा प्रश्न आहे. आणि ते आता कुणालाही सांगता येणार नाही.”

वाईट होतं ते हे, की त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं.

“तुम्ही साहेब आहात,” नीनाताई हळू म्हणाली. “माझ्या नवऱ्याच्या मरणावर तुम्ही सही केलीत. मला एवढंच सांगा. कोर्टात हे हातात घेतलंत, तेव्हा ओळखलंत का?”

त्याने कोटाची बटणं लावली. मग म्हणाला, “अपील करायचा तुम्हाला हक्क आहे,” आणि निघून गेला.

“हायकोर्टात जायचा, तर आधी ॲटर्नी जनरलची परवानगी लागते,” उल्का म्हणाली. “आणि नवीन पुरावा. ‘कधी’चा पुरावा. ती नसली तर माझी बॉस फाइल पण उघडणार नाही.”

नीनाताई ओट्याकडे गेली आणि फडक्याने भिंत पुसायला लागली. तिला काही सुचेनासं झालं की ती पुसते. “निघत नाहीत मेले डाग,” ती म्हणाली. “रोज दोन वेळा फोडणी, आणि एक्झॉस्ट फॅन नाही. सगळी भिंत हळदीची झाली. भावोजी तुझे म्हणायचे, नीना, तू भिंतीलाही वरण घालतेस.”

ती हसली आणि हसता हसता थांबली. मीही थांबले होते, पण वेगळ्या कारणाने.

६

“ताई, कोर्टात त्याने तुला पट्टीबद्दल विचारलं होतं. तू काय म्हणालीस?”

“कुठली पट्टी, म्हणाले. मला आजही माहीत नाही.”

मी जमिनीवर आडवी झाले. कपाटांच्या तळाशी, पाय लागतो तिथे, लाकडाची पट्टी होती, बारीक उभ्या फटींची. दोन्ही टोकांना स्क्रू. खालचा झरोका तिच्यामागे होता, भिंतीत.

“आता ऐका,” मी म्हणाले. “कॉन्स्टेबलने बोळा बाहेरून काढला, जाळीतून. आत त्याने पाहिलंच नाही. गॅस तपासनीसाने फक्त बॉयलर आणि धुराडं तपासलं. झरोका बंद आहे हे त्याने कॉन्स्टेबलकडून ऐकलं. दोघांच्या साक्षी मी ऐकल्या आहेत. पट्टीचा शब्द कुणी काढला नव्हता. आत जायचा रस्ता पट्टी काढून आहे, हे ॲशबीला कसं माहीत?”

“कारण त्याने काढली होती,” उल्का म्हणाली.

“पण तो म्हणेल, मी इथे राहिलोय, घर मला माहीत आहे.”

“मग तो ‘इथे राहिलोय’ हे त्याने कोर्टात सांगायला हवं होतं.”

“बरोबर. ते एक. आता ‘कधी’.”

मी नीनाताईकडून स्क्रूड्रायव्हर मागितला. पट्टी सुटली. मागे उघडी वीट, मध्ये झरोक्याचं चौकोनी तोंड. हात घालू नका, असं दोघींना बजावलं आणि कामाच्या बॅगेतून लॅबमधला अतिनील दिवा काढला. पाण्याच्या नमुन्यांसाठी आम्ही तो वापरतो.

“फोडणीत तेल तापलं की त्याचे बारीक थेंब हवेत उडतात. हळद टाकली की त्यांत हळद असते. ते जिथे पोचतात तिथे बसतात. हळदीतला पिवळा पदार्थ, कर्क्युमिन, उजेडात फिका पडतो. अंधारात टिकतो. आणि या दिव्याखाली चमकतो. पट्टीला फटी आहेत, म्हणजे थेंब आत गेलेच असणार. ताई, तू इथे चौदा महिने फोडण्या दिल्यास. निकाल म्हणतो, झरोका तुम्ही थंडीसाठी बुजवलात, म्हणजे त्याआधी काही आठवडे तरी वीट उघडी होती. तसं असेल तर बोळ्याच्या जागीही हळद सापडेल. भिंतीवरची तसबीर काढल्यावर मागे काय दिसतं?”

“स्वच्छ जागा,” नीनाताई म्हणाली. “तसबिरीएवढी.”

“तसबीर आधीपासून असेल तरच.”

पडदे ओढून मी दिवा लावला. वीट हिरवट पिवळी चमकली, पट्टीच्या फटींनुसार पट्ट्यापट्ट्यांनी. फक्त झरोक्याच्या तोंडाभोवती एक काळी, वेडीवाकडी किनार होती, दोन बोटं रुंद. दुलईचा फुगलेला काठ विटेवर टेकला होता तेवढीच. मी पिशवीतला बोळा न लावता शेजारी धरला. डाव्या वरच्या कोपऱ्यात किनार दुमडली होती. दुलईही तिथेच दुमडली होती. बोळ्याची खोलीकडची बाजू विटेसारखीच चमकत होती.

मग नीनाताईने भिंतीला पाठ टेकली आणि जमिनीवर बसली.

“म्हणजे मी नाही,” ती म्हणाली.

“तू नाहीस.”

“अनुपही नाही.”

“नाहीत.”

थंडी वाजते म्हणून नवविवाहित माणसाने झरोक्यात दुलई कोंबणं हा काही गुन्हा नव्हे, अडाणीपणा आहे. घर भाड्याने देताना ते विसरणं ही बेफिकिरी आहे. पण फेब्रुवारीत, न्यायाच्या खुर्चीत बसून, आपल्या पलंगावरची दुलई हातात धरून, समोरच्या विधवेला ‘हे तुमचं कापड’ म्हणणं, याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिला बोलायला त्याने फक्त एक प्रश्न दिला, आणि तोच त्याचा कबुलीजबाब निघाला.

एक अडचण उरली. हा पुरावा मी शोधला होता, आणि मी नातेवाईक. तटस्थ तज्ज्ञाने मोजमाप करेपर्यंत ही भिंत जशीच्या तशी राहायला हवी होती. करार संपला की घर विंटरटन कुटुंबाचं. एक बादली साबणाचं पाणी पुरेसं होतं.

महिनाअखेरच्या सकाळी आम्ही सामान बांधत असताना फिलिपा ॲशबी आली. तबेल्यातलेच बूट, केस ओले.

“आईने घर माझ्या ताब्यात दिलंय,” ती म्हणाली. “मी बाबांना सांगितलं की मी साक्ष देणार. ते म्हणाले, आमच्या घरात असं कधी झालं नाही.” तिने किल्ली पुढे केली, ताईकडे नाही, उल्काकडे. “ही पोलिसांना द्या. स्वयंपाकघरात कुणी जाणार नाही. मीसुद्धा नाही.”

“मिस्टर ॲशबी?” उल्काने विचारलं.

“त्याला मी एकच विचारलं. कुत्र्याबद्दल.” ती ताईकडे वळली. “मिसेस देवस्थळी, मी काय बोलू?”

“कोर्टात बोला,” नीनाताई म्हणाली. “तिथे लिहून घेतात.”

ॲटर्नी जनरलची परवानगी ऑगस्टमध्ये आली. नीनाताईला खटल्यापुरती मुदतवाढ मिळाली. ती माझ्याकडे ईलिंगला राहिली. हायकोर्टाने पहिला निकाल रद्द केला आणि नवी चौकशी दुसऱ्या जिल्ह्याच्या कॉरोनरकडे दिली, ज्यांचा विंटरटन घराण्याशी संबंध नव्हता. ती २००७च्या मार्चमध्ये झाली. फिलिपाने साक्ष दिली. एडमंड विंटरटन मागच्या बाकावर एकटे बसले होते. नीनाताई पहिल्या बाकावर होती. तिने फोन चालू ठेवून मांडीवर ठेवला होता, आणि पलीकडे नागपूरला सासूबाई ऐकत होत्या. कॉरोनरबाईंनी ते पाहिलं आणि काही म्हणाल्या नाहीत. मग तटस्थ प्रयोगशाळेच्या तज्ज्ञाने उभं राहून, प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे सापडलेलं कर्क्युमिन वाचून दाखवलं.

उघडी वीट: ३.२ मायक्रोग्रॅम. कापडाची खोलीकडची बाजू: ३.० मायक्रोग्रॅम. कापडाच्या काठाखालची वीट, बारा नमुने: शून्य.